लोण्याऐवजी

"वाढली?" आत्यांनी पुन्हा विचारलं. "कमी व्हायची सोडून वाढली?"

"वाढली," बारक्या म्हणाला. "आधीपेक्षा जास्त आहे म्हणाले. असं लिव्हर कापून घेता येत नाही म्हणाले."

"आणखी काय म्हणाले?"

"मला विचारलं, तुम्ही घरी नक्की खाता तरी काय."

रविवारची दुपार होती. खाली काचेचं दुकान बंद होतं आणि वरच्या खोलीत टेबलाभोवती घरातली सगळी मोठी माणसं जमली होती. आत्या खिडकीकडच्या खुर्चीत, दादा त्यांच्या शेजारी उशीला टेकून, वहिनी दादांच्या औषधांचा डबा उगाचच उघडत-मिटत, बारक्या मधोमध आरोपीसारखा, आणि बारक्याची बायको, जिला या घरात लग्न झाल्यापासून सगळे धाकटी म्हणत, ओट्यापाशी कप विसळत. कप केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी नळ चालूच होता.

दादांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. तरी त्यांचं यकृत हळूहळू कामातून जात चाललं होतं आणि औषधं आता नुसती थोपवून धरत होती. हाताशी उपाय एकच उरला होता. धाकट्या भावाच्या यकृताचा तुकडा काढून दादांना बसवायचा. रक्त जुळलं, बाकीचंही सगळं जुळलं, आणि नेमकं बारक्याच्या यकृतात चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले होते, वजन उतरवा, चरबी उतरेल, मग पुन्हा तपासू. मात्र फार वेळ लावू नका, तुमच्या भावाकडे वेळ नाही. कालची ही ती दुसरी तपासणी.

अ‍ॅव्होकाडो घरात आणला आत्यांनी. त्यांची सगळी नोकरी औषधांच्या दुकानात गेलेली, त्यामुळे गोळ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी नीट समजावून सांगितलं होतं की लोणी, चीज, तळलेलं बंद करा आणि त्याऐवजी अर्धा अ‍ॅव्होकाडो खा, त्यातली चरबी चांगली असते, यकृताला मदतच होईल. एवढ्या मोठ्या बोलण्यातून आमच्या या मंडळींनी घरी काय आणलं, तर फळ. बाकीचं सगळं बाईंच्या टेबलावरच राहिलं. आत्यांनी येताना बाजारातून पिशवी भरून आणली, मानेपाशी हलकंसं दाबून पिकलाय की नाही ते कसं ओळखायचं ते सगळ्यांना शिकवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बारक्याला वाचवण्याची, म्हणजे त्याच्याकडून दादांना वाचवण्याची, मोहीम सुरू झाली.

"चल, सकाळपासून सांग," आत्या म्हणाल्या. "काही लपवायचं नाही."

"सकाळी तूच देतेस की. फिरायला निघताना. अर्धा."

"तो मला माहीत आहे. पुढे?"

बारक्याने वहिनींकडे पाहिलं. त्याला कुणाचं नाव घ्यायचं जिवावर आलं होतं. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून बारक्या नाव पडलं, आणि त्याला जगवायचं म्हणून घरातल्या प्रत्येकाने जे भरवायला सुरुवात केली ती आजतागायत थांबली नव्हती. आता तो दारातून जरा तिरका होऊन आत यायचा. पण समोर ठेवलेलं नको म्हणणं त्याला अजून जमत नव्हतं.

"दुकानात मी देते भाऊजींना," वहिनी स्वतःच म्हणाल्या. "मधल्या वेळेला. अर्धाच देते हं, आत्या. पावावर लावून."

"नुसत्या पावावर?"

"आता कोरडा पाव घशाखाली उतरतो का कुणाच्या? खाली जरासं लोणी लावते आणि वर अ‍ॅव्होकाडो."

दादांना हसू आलं. हसलं की हल्ली त्यांना धाप लागायची, तरी ते हसले. "हसू नका तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "तुमचंही सांगा ना."

"माझं काय?"

"तुमच्या वाटचा अर्धा रोज कुठे जातो?"

"मला जात नाही गं तो," दादा म्हणाले. "साबण खाल्ल्यासारखं वाटतं. फेकवतही नाही. मग बारक्याच्या ताटात सरकवतो."

"अरे देवा," आत्या म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि परत घातला. "आणि धाकटे, तू?"

नळ बंद झाला. "मी अर्ध्याचा शेक करून देते," धाकटी पाठमोरीच म्हणाली. "बाटलीत भरून. दुपारी दुकानात पितो तो."

"म्हणजे दिवसाला दोन अख्खी फळं. आणि शिवाय नेहमीचं जेवण?"

"जेवण तर लागतंच ना," बारक्या अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

आत्यांनी कपाळाला हात लावला. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की आपणच तेवढे याची काळजी घेतोय. हे घर तसंच होतं. दुकानात काच कापायची म्हटली की चारदा माप घेतील, एकमेकांकडून तपासून घेतील, आणि माणसाच्या पोटात काय जातंय ते मात्र शेजारच्या खोलीत विचारणार नाहीत.

पण आत्यांच्या मनात काहीतरी खटकलं. काउंटरमागे उभं राहून त्यांनी हजारो माणसांच्या प्रकृतीच्या कहाण्या ऐकल्या होत्या, आणि हा जमाखर्च त्यांना जुळेना. रोज सकाळी त्या स्वतः बारक्याला टेकडीपर्यंत पिटाळत नेत होत्या. तो घामाघूम व्हायचा. एवढं चालून, दोन फळं जास्त खाल्ली म्हणून, इतकी चरबी?

"फळानं एवढं होत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "आणखी काहीतरी आहे."

"काय असणार?" वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण औषधांच्या डब्याचं झाकण जोरात लागलं. "भाऊजी चोरून खात असतील. खात असाल तर सांगा, कोणी रागावणार नाही. पण आम्हाला पुढचं काही ठरवायचं तर कळायला नको का?"

"मी चोरून नाही खात, वहिनी."

"नसाल खात. मी कुठे म्हणतेय?"

आपल्याविषयीचं बोलणं आपल्याच डोक्यावरून चाललेलं ऐकून दादा कंटाळले. आजारी माणूस खोलीत असला की लोक त्याला पाहुण्यासारखं वागवतात नाहीतर कपाटासारखं. ते टेबलाचा आधार घेऊन उठले. "जरा खाली जाऊन येतो."

"कशाला? काय हवंय?"

"काही नको. दुकान बघून येतो."

वहिनी उठायला लागल्या तसं त्यांनी हात करून त्यांना बसवलं.

जिना उतरून ते दुकानात आले तेव्हा क्षणभर कामाच्या लांब टेबलाला धरून उभे राहिले. टेबलावर हिरवं बनातीचं कापड, भिंतीशी उभ्या करून ठेवलेल्या काचा, प्रत्येकीच्या कडेला खडूने घातलेली मापं. काच कापायची हिरकणी तिच्या खोबणीत होती. या टेबलापाशी त्यांनी बारक्याला शिकवलं होतं की रेघ एकदाच मारायची, दम धरून, न थांबता. बारक्याचा हात जड होता, पण सरळ होता. दादांना त्याचं नेहमी कौतुक वाटायचं आणि ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

तोंडाला कोरड पडली होती. मागच्या खोलीतल्या छोट्या फ्रीजमध्ये त्यांना पाण्याची बाटली सापडली नाही. शेकची सापडली. काल तपासणीला उपाशीपोटी जायचं म्हणून बारक्याने ती प्यायली नव्हती. दादांनी झाकण उघडून एक घोट घेतला.

मग आणखी एक घेतला, कारण पहिल्या घोटावर त्यांचा विश्वास बसला नाही.

साखर होती, आणि चिमूटभर नव्हती. डब्यातलं आटवलेलं गोड दूध होतं, साय होती, आणि त्या सगळ्यामागे कुठेतरी बिचारा अ‍ॅव्होकाडो होता. दादांना गेले कित्येक दिवस कशाचीच चव लागत नव्हती, पण ही लागली.

"दादा."

धाकटी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. ती बाटलीसाठीच खाली आली होती हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ती धावत आली नव्हती. इतके दिवस मनात धरून ठेवलेलं उघडं पडलं की माणसाचे पाय जसे जड होतात, तशी ती आली.

"गोड झालंय," दादा म्हणाले.

दादांनी स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि स्वतः टेबलाच्या कडेला टेकले. ती बसली नाही.

"आधी एक चमचाच घातली," ती म्हणाली. "खरंच. त्याला नुसता जाईना म्हणून. मग हॉस्पिटलातून आला आणि सांगायला लागला की छातीपासून खाली इथपर्यंत कापतात. बोटानं दाखवलं त्यानं मला. हसत हसत. माझे बाबा असेच हसत गेले होते. साधं ऑपरेशन, सगळे म्हणत होते काही होत नाही. त्यांची चप्पल मी पिशवीत घालून घरी आणली. त्यानं बोटानं दाखवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शेक करताना माझा हात थांबलाच नाही. काय होणार ते मला माहीत होतं, दादा. मी काही भोळी नाही."

"नाहीस," दादा म्हणाले.

"तुम्ही मरावं असं मला वाटत नाही."

"माहीत आहे मला."

"पण तो जाऊ नये असं जास्त वाटतं."

हे इतकं सरळ होतं की दादांना राग यायला जागाच उरली नाही. उलट बरं वाटलं. आजार कळल्यापासून त्यांच्याशी सगळे गोड बोलत होते, आणि ही पहिलीच बाई खरं बोलली. त्यांनी बाटलीतला शेक मोरीत ओतला, बाटली विसळली आणि उपडी ठेवली.

"वर चल," ते म्हणाले. "आणि तू काही बोलू नकोस. मी बोलतो."

वर गेल्यावर दादांनी दम घेतला, उशीला टेकले, आणि उद्या कुठल्या गिऱ्हाइकाकडे काच पोचवायची ते सांगावं तसं म्हणाले, "मी ठरवलंय. बारक्याला यातून मोकळं करायचं. हॉस्पिटलातल्या यादीत माझं नाव घातलेलं आहेच. कुणाचं मिळेल तेव्हा मिळेल."

"आणि नाही मिळालं तर?" वहिनींनी विचारलं.

"तर नाही."

"कोणाला विचारून ठरवलंत हे?" वहिनी उभ्या राहिल्या. "खाली गेलात तेव्हा असं काही नव्हतं. ही तुमच्यामागून आली आणि तुम्ही ठरवून वर आलात." त्या धाकटीकडे वळल्या. "काय सांगितलंस गं त्यांना?"

"तिला मध्ये आणू नकोस," दादा म्हणाले.

"का नको? माझा नवरा आहे हा! मला नको का कळायला?"

धाकटीने तोंड उघडलं, पण तिच्याआधी बारक्या बोलला.

"शेकमध्ये साखर असते, वहिनी. आणि डब्यातलं दूध. पहिल्यापासून."

धाकटी नवऱ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं होतं, हे तिचं एकटीचं पाप आहे.

"तुला माहीत होतं?" आत्यांनी विचारलं.

"जीभ आहे ना मला."

"मग प्यायलास कशाला, गाढवा?"

बारक्याने आपले जाडजूड हात टेबलावर ठेवले. "ती घालत होती म्हणून. मी जाऊ नये असं तिला वाटत होतं. आणि ते तिनं तोंडानं म्हणायच्या आधी आपणच पिऊन टाकावं असं मला वाटायचं. डॉक्टरच नाही म्हणाले असते तर कोणाला बोल लागला नसता. मी तिच्या आड लपलो, आत्या. एवढा मोठा माणूस."

"तुला द्यायचं नाही का?" दादांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता प्रश्न होता.

"द्यायचंय. आणि भीतीही वाटते. दोन्ही एकदम आहे, दादा. त्यातलं खरं कुठलं ते मला विचारू नकोस."

वहिनी परत खुर्चीत बसल्या. त्यांनी धाकटीला काय काय ऐकवायचं ते मनात तयार केलं होतं, चांगलं धारदार होतं ते, आणि ते सगळं तोंडापर्यंत येऊन परत गेलं. कारण त्यांना बारक्याचे हात दिसत होते. गेले कित्येक दिवस त्यांनी या दिराला मायेने खाऊ घातलं असं त्या स्वतःला सांगत होत्या, आणि ते खोटं होतं.

"मी रोज सकाळी तुमच्याकडे बघायचे, भाऊजी," त्या म्हणाल्या, "तर असं बघायचे, की पिकलंय का. अ‍ॅव्होकाडो दाबून बघावा तसं. उतरलं का वजन, झालात का तयार. तुम्ही कसे आहात हे मी एकदाही विचारलं नाही." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "आणि हिला तर कोणीच काही विचारलं नाही. हॉस्पिटलात आपण इतक्या वेळा गेलो. हिला एकदा तरी नेलं का?"

नेलं नव्हतं. धाकटी घरी राहायची, आपल्या मुलीला शाळेतून आणायची, स्वयंपाक बघायची. ते तसंच ठरून गेलं होतं.

"मला त्या डॉक्टरांना भेटायचंय," धाकटी म्हणाली. "जे कापणार आहेत त्यांना. एकटीला."

"मी येते तुझ्याबरोबर," वहिनी पटकन म्हणाल्या.

"नको, ताई. तुम्ही समोर बसलात तर मला हो म्हणावं लागेल."

हे लागलं वहिनींना. पण खरं होतं. "मग मी बाहेर बसेन," त्या म्हणाल्या. "दाराकडे पाठ करून बसेन. रिक्षातून उतरताना हात धरायला तरी कोणी हवं ना तुला."

आत्यांनी फळांची टोपली उचलली आणि ओट्याखाली, कोणाच्या सहज हाताला लागणार नाही अशी, नेऊन ठेवली. त्या दिवशी बारक्याला कोणी काही खायला दिलं नाही. संध्याकाळपर्यंत तो इतका गप्प गप्प होता की शेवटी दादांनीच त्याला खाली दुकानात बोलावलं आणि दोघं भाऊ बराच वेळ उगाच काचा पुसत बसले.

त्याच आठवड्यात दोघी हॉस्पिटलात गेल्या. डॉक्टरांच्या खोलीबाहेरचा बाक प्लास्टिकच्या खुर्च्या जोडून केलेला होता. कोणी टोकाला बसलं की सगळ्या हलायच्या. वहिनी बोलल्याप्रमाणे दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. समोर भिंतीवर यकृताचं रंगीत चित्र लावलेलं होतं. ते बघायचं नाही म्हणून त्या आपल्या पायांकडे बघत होत्या.

त्यांना स्वतःचीच भीती वाटत होती. आत ती नाही म्हणाली तर जन्मभर आपल्याला तिचं तोंड बघवणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पोरीने काही चूक केली नाही हे कळूनसुद्धा बघवणार नाही. आणि हो म्हणाली, आणि काही भलतंच झालं, तर तिच्यासमोर आपण कुठलं तोंड घेऊन उभं राहायचं? नवरा वाचावा ही साधी गोष्ट मागताना आपण कुणाकडे काय मागतोय, ते त्यांना या हलत्या खुर्चीवर बसल्यावर पहिल्यांदा पुरतं कळलं.

दार उघडल्याचा आवाज आला. त्या वळल्या नाहीत. धाकटी येऊन शेजारी बसली, तसा सगळा बाक हलला. तिने पिशवीतून बाटली काढली आणि पाणी प्यायली.

"खूप विचारलं मी," ती म्हणाली. "सगळं. कुठून कापतात, किती काढतात, उरलेलं परत वाढतं कसं. चित्र काढून दाखवलं त्यांनी. धोका कमी आहे म्हणाले, पण आहे म्हणाले. काही होत नाही, असं नाही म्हणाले."

वहिनींनी मान हलवली.

"मी म्हटलं, तुमच्या घरातलं कोणी असतं तर? तर म्हणाले, ते मला विचारू नका, नवऱ्याला विचारा आणि स्वतःला विचारा. आणि म्हणाले, तुम्ही नाही म्हणालात तर मी तुमच्या घरच्यांना सांगेन की त्यांचं यकृत चालणार नाही, कारण विचारणार नाही कोणी." धाकटीने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "म्हणजे अगदी सोपं होतं, ताई. मी नुसतं नको म्हणायचं होतं. तुम्हाला कधी कळलंही नसतं."

तिच्यावर दडपण यायला नको, म्हणून वहिनींनी काही विचारलं नाही.

"उद्यापासून त्याला कोणी काही खायला द्यायचं नाही," धाकटी म्हणाली. "तुम्ही नाही, आत्यांनी नाही, आणि दादांनी आपल्या ताटातलं नाही. मी देईन तेवढंच तो खाईल. आणि चरबी उतरेपर्यंत मी त्याला सोडणार नाही."

एवढं ऐकलं आणि वहिनींचा बांध फुटला. त्या इतक्या मोठ्याने रडल्या की पलीकडे बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याने मान वळवून पाहिलं. धाकटीने थोडा वेळ त्यांना रडू दिलं, मग त्यांच्या हाताखाली हात घालून त्यांना उठवलं.

"पुरे आता, ताई. चला. पुढच्या तपासणीची तारीख घ्यायची आहे, खिडकी बंद होईल."